कोरडं बोट

वहीत एकाच दिवसाचे शुगरचे तीन आकडे होते. सकाळी सात वाजता चौऱ्याण्णव. दुपारी चार वाजता दोनशे एकाहत्तर. संध्याकाळी सात वाजता एकशे तीन. आता यातून माणसाने काय समजायचं? बरं, एखाद्या दिवशी असं झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण पान उलटलं की पुन्हा तेच. सकाळी शहाणी, दुपारी वेडी, संध्याकाळी पुन्हा शहाणी. तिचं रक्त होतं की कारखान्यातली लिफ्ट होती, हेच तिला कळेना.

ती केकच्या कारखान्यात सजावटीच्या खोलीत कामाला होती. सगळे तिला नाववाली म्हणत, कारण केकवरची नावं तीच लिहायची. साखरेच्या लगद्याची अक्षरं वळायची, पाकळ्या काढायच्या, कडेला झालर लावायची. हातात कला होती आणि ती तिला ठाऊक होती. त्यामुळे सहाव्या महिन्यात दवाखान्यात रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुम्हाला गरोदरपणातला मधुमेह आहे, तेव्हा कारखान्यात विनोदांना ऊत आला. भट्टीवाले काका म्हणाले, पोरी, आम्ही साखर पोत्याने आणतो आणि तू ती रक्तात साठवतेस होय. तीही हसली होती. घरी जाऊन मग पोटभर रडली.

पण रडून झाल्यावर तिने पदर खोचला. शुगरचं मशीन आणलं, वही आणली, दिवसातून चार वेळा बोट टोचलं. गोड बंद, भात मोजून, जेवण झालं की पाऊण तास चालणं. नर्सबाईंनी शिकवलं होतं की बोट धुवायचं, चांगलं कोरडं करायचं, मग टोचायचं. ओल्या बोटाचा आकडा धरायचा नाही. तिने ते तंतोतंत पाळलं. तीन महिने आकडे सरळ रेषेत ठेवले आणि इन्सुलिनची एकही सुई, एकही गोळी न घेता बाळंतीण झाली. मुलगा झाला, चार किलोच्या वर. सासूबाईंनी त्याला हातात घेतला आणि म्हणाल्या, हा तर पैलवान आहे. तेच नाव पडलं.

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना सांगितलं होतं की बहुतेकींची ही शुगर बाळंतपणाबरोबर जाते, पण गेलीच असं धरून चालू नका. सहाव्या आठवड्यात मोठी तपासणी करायची. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. तिने मान डोलवली होती. सहावा आठवडा आला तेव्हा पैलवानाला सर्दी झाली. सातव्यात तिलाच ताप आला. आठव्यात नवऱ्याला सुट्टी मिळेना. तो बस चालवायचा आणि त्याच्या डेपोत सुट्टी मागणं म्हणजे जीव मागणं. ही सगळी कारणं खरी होती, आणि तरी खरं कारण वेगळंच होतं. तिला भीती वाटत होती. तपासणी केली नाही तोवर ती बरी होती. कागदावर आलं की संपलं.

दहाव्या आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला. काम अंगावर आलंय, नाववाली नसली की अक्षरं मुंग्या चालल्यासारखी दिसतात, बारा ते सहा तरी ये. ती गेली. घर कारखान्यापासून दहा मिनिटांवर, तेव्हा असं ठरलं की सासूबाईंनी दुपारी चारला पैलवानाला घेऊन यायचं, तिने त्याला पाजायचं आणि सासूबाईंनी त्याला परत न्यायचं. कपडे बदलायच्या खोलीत एक खुर्ची होती आणि दाराला कडी होती. आणखी काय हवं?

कामावर गेली त्या पहिल्याच आठवड्यात तिला वाटलं, एवढ्या साखरेत बसतेय तर एकदा बघून घ्यावं. नवीन पट्ट्या आणल्या. दुपारच्या सुट्टीत, पैलवान यायच्या आधी, ॲप्रनला बोट चांगलं पुसलं, कोरडं झालंय ना ते बघितलं आणि टोचलं. दोनशे अठ्ठेचाळीस. जेवणात तिने फक्त एक अंडं आणि काकडी खाल्ली होती. अंड्याने कुणाची शुगर अडीचशे होते?

त्या दिवशी सासूबाई पैलवानाला घेऊन आल्या तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. रक्तात एवढी साखर म्हणजे दुधात किती? गरोदरपणी तिची शुगर नाळेतून त्याच्यापर्यंत जात होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. मग आता दुधातून जात नसेल कशावरून? चार किलोचं पोर जन्माला घातलंच आहे, आता त्याला हाताने साखरेचा पाक पाजायचा का? कुणाला विचारावं, तर विचारलं की तपासणी का केली नाही हा प्रश्न आलाच. तेव्हा ती मूग गिळून गप्प बसली. पैलवान रडायला लागला. तिने सवयीने बोट त्याच्या तोंडात दिलं आणि काय आश्चर्य, तो गप्प झाला. नुसता गप्प नाही. डोळे मोठे करून, दोन्ही हातांनी तिचा पंजा धरून चोखत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, याला आईचं बोटसुद्धा पुरतं.

बाहेर आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, पोट भरलं का राजाचं? ती हो म्हणाली.

आणि मग हे रोजचंच झालं. चारला टोचायचं, अडीचशेच्या आसपास बघायचं, दाराला कडी लावायची, बोट द्यायचं. सहाला सुटली की हात धुवून, कपडे बदलून घरी जायचं, सातला पुन्हा टोचायचं, शंभरच्या आसपास आलं की जीव भांड्यात पडायचा आणि मग त्याला छातीशी घ्यायचं. आकडा खाली, दूध चालू. आकडा वर, दूध बंद. तिने स्वतःशी असा नियमच करून टाकला होता. रविवारी कारखाना बंद असायचा. त्या दिवशी चारलाही शुगर एकशे आठ-दहाच यायची. त्या दिवशी पैलवान सवयीने दिलेलं बोट तोंडातून थुंकून टाकायचा आणि दूधच मागायचा. तिला वाटलं, सुट्टीच्या दिवशी लाडात येतो.

डोक्याचा पार भुगा झाला होता. तिने वहीच्या मागच्या पानांवर तर्क लिहायला सुरुवात केली. मालकीणबाई ओरडल्या की वाढते का? नाही, एक दिवस त्यांनी कौतुक केलं तेव्हा दोनशे नव्वद आली. जिने चढल्याने? तिने एक दिवस लिफ्ट वापरली, दोनशे साठ. दुपारच्या खाण्याने? तिने अंडं सोडलं. मग काकडी सोडली. मग काहीच खाल्लं नाही, नुसतं पाणी पिऊन टोचलं. दोनशे ब्याऐंशी. उपाशी राहिल्यावर तर जास्त. आता बोला.

शेवटी तिचा संशय मशीनवर गेला. भट्टीवाले काका जेवायला हात धुवून बसले होते, त्यांच्यापुढे तिने मशीन ठेवलं. काका दिवसभर कोपरापर्यंत जाड हातमोजे घालून भट्टीशी झुंजायचे. साठीला आले होते पण सुईला घाबरायचे. तोंड फिरवून त्यांनी बोट पुढे केलं. ब्याण्णव. काकांनी छाती फुगवली आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले. आणि तिचा शेवटचा आधार गेला. मशीन बरोबर होतं. म्हणजे बिघाड तिच्यातच होता.

मग तिने असं ठरवलं की वासानेच चढत असणार. लगद्याचा, इसेन्सचा, भट्टीतून येणाऱ्या उबेचा वास. दुसरं काही उरलंच नव्हतं. नोकरी सोडायचा अर्जही तिने मनात लिहून ठेवला, पण ज्या हाताने इतकी नावं काढली त्या हाताला अर्ज लिहवेना. डबा तसाच परत जायचा. सासूबाई डबा उघडून बघायच्या आणि म्हणायच्या, बारीक व्हायचं वेड लागलंय सूनबाईंना, बाळंतिणीने असं करू नये. ती ऐकून घ्यायची. चक्कर यायची, दूधही पहिल्यासारखं भरून येत नव्हतं. पैलवान रात्रीचा सारखा उठायचा. सासूबाई म्हणायच्या, दात येत असतील. तिसऱ्या महिन्यात कुठले दात?

दवाखान्यात लसीची तारीख आली तेव्हा दोघी त्याला घेऊन गेल्या. दारातच बेसिन होतं आणि वर पाटी, हात साबणाने धुवून मगच आत या. सासूबाई पाटी मोठ्याने वाचून तिला म्हणाल्या की नखांतसुद्धा घास, तुझ्या नखांत नेहमी रंग असतो. तिने घासले. मग नर्सबाईंनी पैलवानाला उघडा करून काट्यावर ठेवलं, एकदा बघितलं, उचलला, पुन्हा ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी पाच किलो नऊशे होता. आज पाच किलो आठशे वीस.

"वाढायच्या वयात घटलाय," नर्सबाई म्हणाल्या. "दिवसातून किती वेळा पाजता?"

उत्तर सासूबाईंनीच दिलं, आणि मोठ्या अभिमानाने दिलं. काही कमी पडू देत नाही, दुपारचं तर मी कामावर नेऊन पाजून आणते, उन्हातान्हात, एक दिवस चुकवलेला नाही. पाच मिनिटांत गप्प होतो गुणी बाळ. तिला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं.

सुई बघून नव्हे, भुकेने असेल, पैलवान रडायला लागला. तिने सवयीने बोट त्याच्या तोंडात दिलं. त्याने दोनदा चोखलं, थांबला, तिच्याकडे बघितलं आणि बोट जिभेने बाहेर ढकललं. तिने दुसरं बोट दिलं. त्याने तेही ढकललं आणि असा टाहो फोडला की बाहेरच्या बाकावरच्या बायका आत डोकावल्या.

"बोट काय देतेस त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "पाज की."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिने खुर्चीवर बसून त्याला पाजायला घेतलं आणि पाजता पाजताच सगळं सांगितलं. चारचा आकडा, दाराची कडी, बोट, सातचा आकडा. न केलेली तपासणी. उपास. सांगताना तिला स्वतःलाच ते सगळं दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं, इतकं ते वेड्यासारखं ऐकू येत होतं. नर्सबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोराचं पिऊन झाल्यावर त्यांनी तिला पर्समधलं मशीन काढायला लावलं आणि तिथेच टोचायला सांगितलं. एकशे दोन.

"चारला अडीचशेच्या वर येते?"

"रोज."

"चारला तुमचे हात कुठे असतात?"

ती सांगू लागली. सजावटीच्या खोलीत पाण्याला बंदी असते. एक थेंब जरी लगद्यावर पडला तर डाग पडतो, अक्षर पाझरतं, अख्खा केक वाया जातो. दारावर लिहिलंच आहे की ओले हात आत आणू नयेत. त्यामुळे कामाच्या वेळात हात कुणीच धुवत नाही, कोरड्या फडक्याला पुसतात. आम्हाला तर हातांची सवयच कोरड्याची. आणि लगदा म्हणजे काय, बारीक साखर, आणि तो मऊ राहावा म्हणून त्यात लिक्विड ग्लुकोज, डब्यातून काढून हातानेच मळायचं, आणि...

इथे ती थांबली. खोलीतल्या फळीवरचा तो पांढरा डबा तिच्या डोळ्यांपुढे आला. त्यावर केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ग्लुकोज. पट्ट्यांच्या डबीवरही तेच लिहिलं होतं. दोन्ही डबे महिनाभर तिच्या हातांत होते. धुवायचं आणि कोरडं करायचं, असं नर्सबाईंनी शिकवलं होतं. तिने कोरडं तेवढं लक्षात ठेवलं, कारण ते तिच्या धंद्यातलं होतं. मशीन तिचं रक्त मोजतच नव्हतं; बोटावरचा लगदा मोजत होतं.

तिने ते बोट स्वतःच्या तोंडात घातलं. साबणाची चव आली. तेव्हा तिला दुसरी गोष्ट कळली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. पोराला आईचं बोट पुरत नव्हतं. तो भुकेला होता आणि ती त्याला साखर चाटवून गप्प करत होती. ज्या साखरेच्या भीतीने दूध तोडलं, तीच.

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "आणि खरोखर अडीचशे असती ना, तरी दूध द्यायचंच होतं. आईचं दूध म्हणजे पाक नव्हे. विचारायचं तरी होतं."

सासूबाईंनी पैलवानाला तिच्या मांडीवरून उचलून खांद्यावर घेतला, पाठीवर थोपटलं.

"म्हणजे मी याला रोज चारला उपाशीच परत नेत होते," त्या म्हणाल्या.

तिने मशीन पर्समध्ये ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी चारला तिने खात्री करून घेतली. डाव्या हाताचं बोट फडक्याला पुसून टोचलं, दोनशे त्र्याहत्तर. उजवा हात साबणाने धुवून, कोरडा करून टोचला, नव्व्याण्णव. एकच बाई, एकच मिनिट. भट्टीवाल्या काकांना सांगितलं तर ते हसून हसून खाली बसले, म्हणाले, पोरी, तू महिनाभर केकची शुगर तपासलीस. एरवी तीही हसली असती. तिने आकडे वहीत लिहिले आणि वही मिटली.

मग एकदाची मोठी तपासणीही केली. त्या सकाळी तिने हात कोपरापर्यंत तीनदा धुतले. तिथल्या मुलीने सांगितलं की आम्ही रक्त शिरेतून घेतो, बोटाचा काही संबंध नाही, तरी धुतले. ग्लुकोजचं पाणी पिताना तिला मळमळलं. तिला वाटत होतं की आता कागदावर काय ते स्पष्ट येईल. आहे तर आहे, नाही तर नाही. बोटाचं कोडं सुटलं तसं हेही सुटेल. कागदावर आलं उपाशीपोटी एकशे सहा, दोन तासांनी एकशे अठ्ठावन्न.

"म्हणजे आहे की नाही?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आज मधुमेह नाही, पण नॉर्मलही म्हणता येणार नाही. मधली पायरी आहे. नीट जेवा, उपास करू नका, चालत राहा, पोराला पाजत राहा, त्याने तुमचंही भलं होतं. दर वर्षी तपासा. मागे फिरता येतं आणि पुढेही जाता येतं. तिने तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, मग तिसऱ्या. उत्तर तेच राहिलं. बाहेर आल्यावर नवऱ्याने फोनवर विचारलं, काय निघालं? ती म्हणाली, नाही निघालं, पण नाही असंही नाही निघालं. तो म्हणाला, म्हणजे काय? ती म्हणाली, मलाच कळलं असतं तर सांगितलं नसतं का?

त्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा कागद ॲप्रनच्या खिशात होता. पावणेचारला तिने हातातलं अर्धं अक्षर तसंच सोडलं, खोलीबाहेर जाऊन गरम पाण्याने हात धुतले, नखं ब्रशने घासली. मालकीणबाईंनी ओल्या हातांकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली. तिने सांगून टाकलं की रोज चारला असंच होईल, त्यानंतर हात पूर्ण वाळेपर्यंत मी लगद्याला शिवणार नाही, वेळ जाईल तेवढा जाईल. मालकीणबाई म्हणाल्या, बरं बाई.

सासूबाई आल्या. या वेळी त्या बाहेर थांबल्या नाहीत. आत आल्या, कडी त्यांनीच लावली आणि डबा उघडून तिच्या शेजारी ठेवला. "आधी चार घास खा," म्हणाल्या, "मग पाज. मी इथेच बसणार आहे." तिने खाल्लं. त्या घासागणिक बघत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून त्या तिच्याशी फारसं बोलल्या नव्हत्या, पण डब्यात अंडी दोन होती.

तिने पैलवानाला छातीशी घेतलं. त्याने तोंड फिरवलं. मान वळवून तो काहीतरी शोधत होता, आणि तिला लगेच कळलं की काय. या खोलीत, या खुर्चीवर, या वेळेला काय मिळतं हे त्याला पक्कं पाठ झालं होतं. त्याने तिचा हात पकडला, दोन्ही मुठींत धरून तोंडाकडे ओढला. तिने बोटं मिटून घेतली. तो रडायला लागला, जीव तोडून. सासूबाई अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

तिने मूठ उघडली नाही. त्याच्या कानाशी काहीबाही बोलत राहिली, चुकले रे, चुकले, हे घे, हे तुझं आहे. त्याने दोनदा तोंड लावलं आणि दोनदा सोडलं. खिशातला कागद दोघांच्या मध्ये चुरगळत होता. तिसऱ्या वेळी त्याने धरलं. पहिल्यांदा रागारागाने, मग हुंदके देत, मग नुसतंच. गिळल्याचा आवाज येऊ लागला.

"घेतोय का?" सासूबाईंनी विचारलं.

"घेतोय," ती म्हणाली, आणि सासूबाई स्वतःच्या डोळ्यांनी बघायला जवळ आल्या.